जुन्या शिडाच्या जहाजाचा जीर्णोद्धार : मुंबईत बांधलेल्या 'त्रिंकोमाली'च्या विशेष संदर्भात

सारांश : दुर्लक्षित अवस्थेत पडून राहिलेले शिडाचे जुने लाकडी जहाज पुन्हा उभे करणे हे केवळ सुतारकाम नाही. कोणते लाकूड राखावे, कोणते बदलावे आणि जहाजाच्या आयुष्यातील कोणता काळ प्रमाण मानावा, याविषयीचे ते निर्णय असतात. इ.स. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत जलावतरण झालेले 'त्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९० ते २००१ या काळात पूर्ववत करण्यात आले. प्रस्तुत लेखात या जहाजाच्या आधारे जीर्णोद्धाराची प्रक्रिया स्पष्ट केली असून, जुने जहाज टिकते ते प्रामुख्याने कारागिरांच्या टिकून राहिलेल्या कौशल्यामुळे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : शिडाचे जहाज, सागवान, जीर्णोद्धार, वाडिया घराणे, पारंपरिक कौशल्य, नोंदणी.

१. प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. जहाज, शीड, डोलकाठी हे शब्द येथे पाठ्यपुस्तकातून किंवा आरमाराच्या इतिहासातूनच भेटतात. तथापि जुन्या जहाजाच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न या भागाला परका नाही. मराठवाड्यातील गावोगावचे जुने वाडे सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट यांवर उभे आहेत. त्यांपैकी अनेक वाडे आज ओस पडले आहेत. छत गळते, तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजते, वाळवी लागते आणि एके दिवशी वाड्याचे कोरीव लाकूड विकले जाते. लाकडी वास्तूचे दुखणे जमिनीवर आणि पाण्यावर बरेचसे सारखेच असते. जहाजाच्या बाबतीत ते अधिक वेगाने वाढते, एवढाच फरक.

'जीर्णोद्धार' हा शब्द मराठी माणसाला प्रामुख्याने देवालयांच्या संदर्भात परिचित आहे. बीड जिल्ह्यातीलच परळी वैजनाथ येथील मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकर यांनी केला. देवालयाचा जीर्णोद्धार झाला तरी देवस्थान तेच राहते. दगड बदलले, शिखर नवे चढले, तरी वैजनाथ तोच, अशी भाविकांची धारणा असते. जहाजाच्या बाबतीत हेच म्हणता येईल काय? फळ्या बदलल्या, बरगड्या बदलल्या, डोलकाठ्या नव्या उभारल्या, तर जहाज तेच राहते काय? प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क याने थिसियसच्या जहाजाविषयी हाच प्रश्न नोंदवून ठेवला आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो तर्काचा प्रश्न असतो. जीर्णोद्धार करणाऱ्या कारागिरासमोर मात्र तो दररोज सकाळी प्रत्यक्ष उभा राहतो, कारण समोरची फळी काढायची की ठेवायची हे त्याला त्याच दिवशी ठरवावे लागते.

२. मुंबईचे सागवानी जहाज

लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजबांधणी कारागीर इ.स. १७३६ च्या सुमारास मुंबईत आले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. ईस्ट इंडिया कंपनीसाठी आणि पुढे ब्रिटिश नौदलासाठीही त्यांनी जहाजे तयार केली. 'मिंडेन' (१८१०), 'कॉर्नवॉलिस' (१८१३) आणि 'एशिया' (१८२४) ही त्यांपैकी काही प्रसिद्ध नावे होत. इ.स. १८४२ मधील नानकिंगचा तह 'कॉर्नवॉलिस' या जहाजावरच झाला, तर १८२७ च्या नवारिनोच्या सागरी युद्धात 'एशिया' हे ब्रिटिश सेनापतीचे जहाज होते.

'त्रिंकोमाली' हे जहाज जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधले गेले. त्याची कथा एका हरवलेल्या नकाशापासून सुरू होते. या जहाजाचे आराखडे घेऊन मुंबईकडे निघालेले 'जावा' हे ब्रिटिश जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजाने जिंकून घेतले. त्यामुळे आराखडे पुन्हा पाठवावे लागले आणि काम लांबले. अखेर १८१६ मध्ये बांधणीला आरंभ झाला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. तोफांच्या मजल्यावर त्याची लांबी सुमारे ४६ मीटर व रुंदी सुमारे १२ मीटर आहे.

मुंबईत जहाज बांधण्यामागे व्यावहारिक कारण होते. नेपोलियनशी झालेल्या दीर्घ युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओक लाकडाची टंचाई निर्माण झाली होती, आणि मलबारचे सागवान मुंबईला समुद्रमार्गे सहज येत असे. सागवानाचा गुण केवळ मजबुतीत नाही. ओकच्या लाकडातील आम्लद्रव्यामुळे लोखंडी खिळे व पट्ट्या झिजतात. उलट सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे लोखंडही टिकते आणि किडीलाही काही प्रमाणात प्रतिबंध होतो. सागवान वाळल्यावर फारसे आकुंचन पावत नाही किंवा वाकडे होत नाही. गावातील सुतार दाराच्या चौकटीसाठी सागवान निवडतो, तेही याच गुणांमुळे.

३. दुर्लक्ष, उपयोग आणि योगायोग

'त्रिंकोमाली' १८१८ मध्ये मुंबईहून निघून एप्रिल १८१९ मध्ये पोर्टस्मथ येथे पोहोचली. तोपर्यंत युद्धे संपली होती. नव्या जहाजाला काम उरले नव्हते. डोलकाठ्या उतरवून ती राखीव जहाजांत ठेवण्यात आली आणि १८४५ पर्यंत, म्हणजे सुमारे २६ वर्षे, तशीच राहिली. त्यानंतर काही बदल करून तिला सेवेत घेतले गेले. १८४७ पासून उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या जलभागात आणि १८५२ ते १८५७ या काळात पॅसिफिक महासागरात तिने काम केले. पुढे वाफेच्या जहाजांचे युग आले. तेव्हा ती नौसैनिकांच्या कवायतीसाठी वापरली जाऊ लागली, आणि १८९७ मध्ये जहाजे मोडणाऱ्या व्यापाऱ्याला विकली गेली.

येथे एक योगायोग घडला. जेफ्री व्हीटली कॉब या गृहस्थांनी नेल्सनचे जुने 'फूद्रोयां' हे जहाज विकत घेऊन दुरुस्त केले होते. जून १८९७ मध्ये ते ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात सापडून फुटले. त्याच्या अवशेषांपासून स्मृतिवस्तू बनवून विकण्यात आल्या, आणि कॉब यांनी त्याच्या जागी 'त्रिंकोमाली' विकत घेतली. तिला हरवलेल्या जहाजाचेच नाव देण्यात आले. त्यानंतर १९८६ पर्यंत मुलामुलींना दर्यावर्दी जीवनाचे शिक्षण देण्यासाठी तिचा उपयोग होत राहिला. सुमारे नव्वद वर्षे जहाजावर माणसांचा वावर होता. रोज कोणीतरी त्याचा मजला धुवत होते, गळती शोधत होते, रंग देत होते. लाकडी वस्तू बंद ठेवल्याने जितकी खराब होते तितकी वापरल्याने होत नाही, हे ओस पडलेला वाडा आणि नांदता वाडा यांची तुलना करणाऱ्या कोणालाही पटेल.

याच्या उलट उदाहरण पोर्टस्मथ येथेच घडले. 'इम्प्लॅकेबल' हे मूळचे फ्रेंच जहाज तेथे अनेक वर्षे 'फूद्रोयां' म्हणजेच 'त्रिंकोमाली'च्या शेजारी नांगरलेले होते. ट्रफाल्गरच्या लढाईत भाग घेतलेले ते जहाज होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणालाही परवडेना. डिसेंबर १९४९ मध्ये ब्रिटन व फ्रान्स या दोन्ही देशांचे ध्वज फडकावीत ते समुद्रात नेऊन बुडविण्यात आले. या घटनेने ब्रिटनमधील जनमत हळहळले आणि जुनी जहाजे वाचविण्याच्या पुढील चळवळीला तिच्यातून बळ मिळाले. आपल्याकडे 'विक्रांत' या विमानवाहू युद्धनौकेच्या बाबतीतही असेच घडले. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ही नौका २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. २०१२ मध्ये ती बंद करण्यात आली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. ती शिडाची नव्हती आणि लाकडाचीही नव्हती. परंतु जतनाची इच्छा असूनही देखभालीची कायम व्यवस्था नसेल तर काय होते, याचे ते उदाहरण होय.

४. जीर्णोद्धाराची प्रक्रिया

जुने लाकडी जहाज हाती घेतल्यावर कामाचे साधारणतः सहा टप्पे असतात. जहाज ४६ मीटरचे असो वा कोकणातील खाडीत पडलेली शिडाची छोटी होडी असो, टप्प्यांचा क्रम बदलत नाही.

(अ) ऱ्हास थांबविणे : सर्वसामान्य समज असा की समुद्राच्या पाण्याने लाकूड कुजते. वस्तुस्थिती निराळी आहे. लाकूड कुजविणारी बुरशी गोड्या पाण्यात व दमट, कोंदट हवेत वाढते. खारे पाणी तिला मानवत नाही. म्हणूनच काही देशांत जहाजाच्या बरगड्यांमधील पोकळीत मीठ भरण्याची पद्धत होती. बेवारस जहाजाचा खरा शत्रू म्हणजे वरून झिरपणारे पावसाचे पाणी. त्यामुळे पहिले काम छप्पर घालण्याचे आणि आतून वारा खेळता ठेवण्याचे असते. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांनी शाकारून ठेवण्याची रीत आहे. त्यामागे हेच ज्ञान आहे. मात्र लाकूड एकदम वाळू देणेही घातक असते, कारण मग फळ्यांना चिरा जातात.

(आ) आधार देणे : लांब लाकडी जहाजाचा मध्यभाग पाण्याने उचलला जातो, तर नाळेकडील आणि मागील टोके अरुंद असल्याने त्यांना पाण्याचा आधार कमी मिळतो. वर्षानुवर्षे हा ताण सोसून दोन्ही टोके खाली झुकतात व जहाजाच्या कण्याला बाक येतो. जहाज कोरड्यावर घेताना आधार चुकीच्या जागी दिले तर हा बाक वाढतो, प्रसंगी जहाज मोडते. म्हणून प्रथम आधार द्यायचे आणि मग दुरुस्ती करायची, हा नियम. एका वेळी थोड्याच फळ्या काढल्या जातात, अन्यथा जहाजाचा मूळ आकारच हरवतो.

(इ) नोंद : एकही खिळा काढण्यापूर्वी प्रत्येक भागाचे मोजमाप, छायाचित्र आणि क्रमांक घेतला जातो. कोणती फळी मूळची, कोणती नंतर बसविलेली, कोणत्या सांध्यात कोणता खिळा, हे सर्व लिहून ठेवावे लागते. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण पुढील सर्व निर्णय यावर अवलंबून असतात. काढून टाकलेली फळी नोंदीविना गेली तर ती माहिती कायमची गेली.

(ई) लाकडाची परीक्षा व बदल : कारागीर टोकदार अवजाराने लाकूड टोचून व हातोडीने ठोकून पाहतो. निरोगी लाकडाचा आवाज खणखणीत येतो, तर कुजलेल्याचा बद्द. समुद्रात लाकूड पोखरणारे शिंपल्याच्या जातीचे जीवही असतात. बाहेरून फळी साजरी दिसते आणि आतून जाळी झालेली असते. यांच्यापासून बचावासाठी मोठ्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारीत, तर पश्चिम किनाऱ्यावरील लहान नौकांना चुना आणि तेल किंवा चरबी यांचा लेप देत. कुजलेला भाग संपूर्ण फळी न काढता तिरप्या सांध्याने नवा तुकडा जोडून बदलता येतो. नवी वक्र फळी बसवायची असल्यास तिला वाफ किंवा शेक देऊन वाकविले जाते.

(उ) सांधे बंद करणे : फळ्यांमधील फटींत कापसाचा किंवा तागाचा पीळ ठासून वर राळ वा डांबर भरले जाते. पश्चिम किनाऱ्यावरील काही नौकांमध्ये फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसविण्याची आणि मध्ये कापूस व राळ घालण्याची पद्धत होती. जहाज पुन्हा पाण्यात उतरल्यावर सुरुवातीला पाणी शिरतेच. काही दिवसांत लाकूड फुगते आणि फटी आपोआप घट्ट होतात. याची जाण नसलेला माणूस घाबरून सांध्यात नको तेवढे भरतो, आणि मग लाकडाला फुगायला जागा न मिळाल्याने फळ्या बरगड्यांपासून सुटतात.

(ऊ) डोलकाठी, दोर आणि शीड : हा सर्वांत नेत्रदीपक टप्पा. तथापि तो शेवटी येतो. निधी गोळा करणाऱ्यांना डोलकाठ्या लवकर उभ्या कराव्याशा वाटतात, कारण त्या लांबून दिसतात. पण कुजक्या कण्यावर डोलकाठी उभारणे म्हणजे पाया न पाहता मंदिरावर कळस चढविणे होय.

५. हार्टलपूल येथील अनुभव

१९८७ मध्ये 'त्रिंकोमाली' एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूल येथे आणण्यात आली. या गावाशी तिचा जुना संबंध होता. १८६० च्या दशकात ती तेथे कवायतीचे जहाज म्हणून होती. परंतु हे गाव निवडण्याचे खरे कारण निराळे होते. १९७९ ते १९८७ या काळात 'वॉरियर' या १८६० च्या युद्धनौकेचा जीर्णोद्धार हार्टलपूल येथेच झाला होता. गावातील जहाजबांधणीचा उद्योग मंदावलेला होता, परंतु 'वॉरियर'वर काम केलेले कारागीर तेथे होते. त्यांच्या हाताला पुन्हा काम मिळाले. १९९० मध्ये काम सुरू झाले, १९९२ मध्ये जहाजाला त्याचे मूळ नाव परत देण्यात आले आणि २००१ मध्ये काम पूर्ण झाले. सुमारे १ कोटी पौंड खर्च आला. आज हे जहाज ब्रिटिश नौदलाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग असून, अद्याप तरंगत असलेले ब्रिटनचे सर्वांत जुने युद्धजहाज म्हणून ओळखले जाते.

या कामात दोन निर्णय महत्त्वाचे ठरले. पहिला निर्णय कोणता काळ प्रमाण मानायचा याविषयी होता. जहाज १८१७ चे, त्याची मोठी फेरबांधणी १८४५ नंतरची आणि शिक्षणजहाज म्हणून झालेले बदल विसाव्या शतकातील. जहाजाचे सेवेतील एकोणिसाव्या शतकातील रूप पुढे आणण्याचे ठरले, म्हणजेच नंतरची भर काढावी लागली. दुसरा निर्णय मूळ लाकडाविषयी होता. शक्य तेथे मुंबईचे सागवान जागेवर राखण्यात आले. परिणामी आजही जहाजाच्या लाकडाचा निम्म्याहून अधिक भाग मूळचा आहे. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत घडविलेल्या बरगड्या उत्तर समुद्राच्या काठी अजून आपला भार वाहत आहेत.

जीर्णोद्धाराच्या अशा निर्णयांना आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनही आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार जेथे पुरावा संपून तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. २००१ मध्ये बार्सिलोना येथे तयार झालेल्या सनदेने हा विचार चालत्या पारंपरिक जहाजांना लागू केला. त्यात जहाज वापरात ठेवणे आणि मूळ तंत्राने दुरुस्त करणे यांवर भर आहे.

६. आपल्याकडील स्थिती

मुंबईचे जहाज इंग्लंडमध्ये राहिले. मराठा आरमाराची जहाजे मात्र कोठेच उरली नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज व पेशवे यांनी विजयदुर्गावर संयुक्त मोहीम केली, तेव्हा तुळाजी आंग्रे यांचे आरमार तेथेच आगीत भस्मसात झाले. विजयदुर्गाजवळच्या वाघोटन खाडीत जहाजदुरुस्तीसाठी खोदलेली मराठाकालीन गोदी आजही पाहता येते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या मोजमापानुसार तिची लांबी १०० मीटरहून अधिक व रुंदी सुमारे ७० मीटर आहे. गोदी आहे, जहाज नाही.

आरमाराच्या लाकडाविषयी त्या काळी किती विचार होत असे, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'वरून कळते. आरमारासाठी सागवानासारखे लाकूड परवानगीने रानातून तोडावे वा खरेदी करून आणावे. आंबा-फणसाची झाडे उपयोगी असली तरी रयतेच्या या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत. झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच घ्यावे, असा त्यातील आशय आहे. जहाज दुरुस्त करणे म्हणजे कोणाचे तरी झाड तोडणे होय, याची जाणीव या आज्ञेत आहे. जीर्णोद्धारात मूळ लाकूड शक्य तितके राखण्याचा आजचा आग्रह या जाणिवेपासून फार दूर नाही.

कोकणातील शिडाच्या नौकांची परंपरा आरमाराबरोबर संपली नाही. मचवे, पडाव, गलबते यांतून माल आणि माणसांची वाहतूक पुढेही दीर्घकाळ चालू होती. स्वातंत्र्योत्तर काळात मासेमारी होड्यांना इंजिने बसली, रस्ते झाले, नंतर काचतंतूच्या होड्या आल्या आणि शीड मागे पडले. जुन्या नौका खाडीच्या चिखलात विसावल्या. येथे एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घ्यावयास हवी. वाडियांच्या जहाजांचे आराखडे कागदावर होते. 'जावा'बरोबर ते गेले तेव्हा पुन्हा पाठविता आले. कोकणातील सुतार मात्र पुष्कळदा आराखड्याविना, नजरेने व हाताच्या मापाने नौका बांधीत आला आहे. त्याचा आराखडा म्हणजे तो स्वतःच. तो गेल्यावर दुसरी प्रत मागविण्याची सोय नाही.

कौशल्याची साखळी तुटली तर काय करावे लागते, याचे बोलके उदाहरण अलीकडे 'कौंडिण्य' या नौकेने दिले. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकाच्या सुमाराच्या चित्रावरून ही शिवणीची नौका बांधण्यात आली. त्यासाठी जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवण्यात आल्या. मूळ आराखडा नसल्याने चित्राचा अर्थ लावणे, मद्रास येथील आयआयटीत नमुन्याच्या चाचण्या घेणे, असा मोठा खटाटोप करावा लागला. मे २०२५ मध्ये कारवार येथे नौका नौदलात दाखल झाली. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून ती जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. मराठवाड्याच्या भूमीवरील एका भिंतीचित्राने समुद्र ओलांडला, ही अभिमानाची बाब खरीच. परंतु काटेकोर अर्थाने हा जीर्णोद्धार नव्हे, पुनर्निर्मिती आहे. आणि तीही शक्य झाली ती शिवणीचे काम जाणणारे हात केरळात शिल्लक होते म्हणून.

७. लाकूड की हात?

उपरोक्त तीन उदाहरणे एकत्र ठेवली असता एक सूत्र हाती येते. 'इम्प्लॅकेबल'चे लाकूड होते, इतिहास होता, पण दुरुस्तीची व्यवस्था नव्हती, ते बुडाले. 'त्रिंकोमाली'चे लाकूड होते आणि ते हाताळणारे कारागीरही होते, ती टिकली. 'कौंडिण्य'चे लाकूडच नव्हते, केवळ चित्र होते. तरीही हात होते म्हणून ती उभी राहिली. लाकूड आणि हात यांपैकी हात उरले तर लाकूड पुन्हा मिळविता येते. हात गेले तर उत्तम सागवानही केवळ जळण किंवा विक्रीचा माल ठरते.

थिसियसच्या जहाजाच्या प्रश्नालाही येथे एक व्यावहारिक उत्तर मिळते. फळी बदलली तरी ती त्याच रीतीने, त्याच सांध्याने आणि त्याच समजुतीने बसविली असेल तर जहाजाची ओळख टिकते. देवालयाच्या बाबतीत पूजेची परंपरा जे कार्य करते, तेच जहाजाच्या बाबतीत कारागिरीची परंपरा करते. यावर असा आक्षेप घेता येईल की, मग मूळ लाकडाचा आग्रह कशासाठी? त्याचे उत्तर असे की, मूळ लाकूड हा पुरावा आहे. जुन्या कारागिराच्या करवतीची खूण, त्याने निवडलेला सांधा, त्याने केलेली तडजोड हे सर्व त्या लाकडातच वाचता येते. आजचा कारागीर दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराकडून शिकतो ते त्या लाकडाच्या माध्यमातूनच. म्हणून लाकूड राखणे हेही अखेरीस कौशल्य राखण्याचेच साधन ठरते.

८. निष्कर्ष

१) लाकडी जहाजाचा ऱ्हास मुख्यतः गोड्या पाण्यामुळे, कोंदट हवेमुळे आणि वापर थांबल्यामुळे होतो. नियमित वापर व वार्षिक देखभाल हाच सर्वांत स्वस्त जीर्णोद्धार होय.

२) जीर्णोद्धाराचा आरंभ नोंदीने व्हावा, शेवट डोलकाठीने. हा क्रम उलटला की पैसा आणि मूळ पुरावा दोन्ही गमावले जातात.

३) 'त्रिंकोमाली'च्या जीर्णोद्धारात मुंबईचे सागवान जितके निर्णायक ठरले तितकेच हार्टलपूल येथील प्रशिक्षित कारागीरही निर्णायक ठरले.

४) कोकणातील शिडाच्या नौका बांधणाऱ्या वृद्ध कारागिरांच्या पद्धती, मापे आणि त्यांची बोलीतील परिभाषा यांची नोंद तातडीने होणे आवश्यक आहे. हे काम मोठ्या निधीचे नाही. वही, मोजपट्टी आणि ध्वनिमुद्रणाची साधी सोय एवढ्यावर ते सुरू होऊ शकते.

५) हेच सूत्र मराठवाड्यातील लाकडी वाड्यांनाही लागू पडते. वाड्याचा कडीपाट उतरविला जाण्यापूर्वी त्याचे मोजमाप घेणे, तो बांधणाऱ्या सुतार घराण्यांकडून सांध्यांची नावे टिपून घेणे, हा इतिहास, मराठी, भूगोल आणि समाजशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना एकत्रितपणे देता येईल असा प्रकल्प आहे. समुद्रापासून दूर असलेल्या महाविद्यालयांनाही तो सहज हाती घेता येईल.

मुंबईतून निघालेले एक जहाज परक्या किनाऱ्यावर दोनशे वर्षे टिकले, कारण तेथे प्रत्येक पिढीत त्याची काळजी घेणारे कोणी ना कोणी होते. आपल्या खाडीत रुतलेल्या नौका आणि आपल्या गावात ओस पडलेले वाडे यांना लाकूड अजून आहे. त्यांचे ज्ञान असलेली माणसेही थोडीफार आहेत. या दोहोंची भेट घडविण्यास मिळणारा अवधी मात्र मर्यादित आहे.